सुखरूप पोहोचण्याचा तोटा

मराठी घरातली प्रवासाची बॅग उघडून पाहिली, तर ही माणसं फिरायला निघाली आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. जायचं असतं दोन दिवस गणपतीपुळ्याला. पण बॅगेत बॅटरी असते, बॅटरीचे जादा सेल असतात, सुतळीचा गुंडा, मेणबत्ती, काडेपेटी, सेफ्टी पिनांचा जुडगा, साखळी-कुलूप, जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या पिशव्या आणि त्या रिकाम्या पिशव्या ठेवायला आणखी एक पिशवी असते. औषधांच्या डब्यात जुलाब थांबवायची गोळी असते आणि पोट साफ व्हायची गोळीही असते. आठ तासांच्या गाडीसाठी दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, चिवडा आणि 'मध्येच चतुर्थी आली तर असू द्यावेत' म्हणून राजगिऱ्याचे लाडू. एवढ्या शिदोरीवर एखाद्या किल्लेदाराने महिनाभर गड लढवला असता. विसरतो तो फक्त मोबाइलचा चार्जर, कारण फोटो काढण्याजोगं काही घडेल अशी कुणाची अपेक्षाच नसते.

खरी गोष्ट अशी, की आपण प्रवासाची तयारी कधी करतच नाही. करतो ती प्रवास फसण्याची. दरड कोसळणार, गाडी बंद पडणार, लॉजवाला ओळख दाखवणार नाही, गाद्या दमट असणार, पाणी बाधणार, आणि हे सगळं एकाच रात्री होणार, असं धरून चालूनच बॅग भरलेली असते. त्यामुळे वाटेत गाडी खरोखरच अडली, की या मंडळींच्या चेहऱ्यावर जो वैताग दिसतो तो वरवरचा. 'मेणबत्त्या घेऊ नका म्हणत होतात ना?' हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून कुणीतरी पनवेलपासून वाट पाहत असतं.

ही वृत्ती आजची नाही. आपले वाडवडील तर उंबऱ्यावरच प्रवासाला अडवून धरायचे. पंचांगात दिशाशूल दिलेला असतो. सोमवारी-शनिवारी पूर्वेला जायचं नाही, मंगळवारी-बुधवारी उत्तरेला नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला नाही. सोयीच्या दिवशी मुहूर्त नसेल तर 'प्रस्थान' ठेवायचं. म्हणजे मुहूर्ताच्या वेळी सुपारी-हळकुंड-तांदूळ फडक्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. तेवढ्यावर प्रवास सुरू झाला असं मानायचं, आणि आपण सवडीने ते गाठोडं उचलून निघायचं. बोर्डिंग पास घेऊन पुन्हा घरी जेवायला यायची ही सोय अजून एकाही विमान कंपनीला सुचलेली नाही. निघताना हातावर दही-साखर. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि दारात भेटलेल्या माणसाने 'कुठे निघालात?' असं विचारायचं नाही, 'लांब का?' असं विचारायचं. कारण 'कुठे' म्हटलं की काम मोडतं.

यातली श्रद्धा किती नि अंधश्रद्धा किती ते जाणकारांनी ठरवावं. मला यात दिसते ती सोय. एवढे सगळे नियम पाळून कुणालाही घराबाहेर पडता येणं शक्य नव्हतं, त्यामुळे एखादा तरी मोडलेला असायचाच. पुढे बैलगाडीचं चाक निखळलं की कारण हजर. मांजर आडवं गेलं होतं, शेजारच्या वहिनींनी 'कुठे' विचारलं होतं, वार गुरुवार होता. बरोबरची सगळी माणसं निर्दोष सुटायची. आता मांजर निर्दोष सुटतं आणि ज्याने तिकीट काढलं तो नवरा सापडतो.

फसलेल्या प्रवासाचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि लाखो रुपये दक्षिणा वाटणार अशी बातमी कोकणात आली. भटजींनी मनाशी हिशेब केला, काकांना बरोबर घेतलं आणि उत्तरेची वाट धरली. हेतू चांगला, सोबत भरवशाची, कमाईची खात्री. फक्त साल १८५७ होतं.

महूच्या सुमारास पुढे काय वाढून ठेवलंय त्याची कुणकुण लागली. तरी मंडळी पुढे गेली, कारण अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या माणसाला घरी काय ऐकावं लागतं ते त्या काळीही माहीत असणार. मग यज्ञ राहिला बाजूला. भटजी झाशीत राहिले, तिथे राणी लक्ष्मीबाईंना जवळून पाहिलं, १८५८ साली इंग्रजांनी शहराला वेढा घालून तोफा डागल्या तेव्हा ते आतच होते. जीव वाचला, पण गाठीचा पैसा लुटारूंनी नेला. पुन्हा थोडा जमला, पुन्हा लुटला गेला. शेवटी घरी पोहोचले ते द्रव्य घेऊन नव्हे, आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन.

आता हेच सगळं नीट पार पडलं असतं तर काय झालं असतं ते पाहा. यज्ञ झाला असता, दक्षिणा मिळाली असती, कर्ज फिटलं असतं, वरसईत चार दिवस कौतुक झालं असतं आणि विषय संपला असता. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी भटजींनी लिहिलेलं 'माझा प्रवास' छापून आणलं ते, मथुरेचा कार्यक्रम रद्द झाला म्हणून. भटजींना दक्षिणा न मिळाल्याचा फायदा मराठी वाचकांना झाला. सुखरूप गेलेल्या आणि सुखरूप आलेल्या शेकडो याज्ञिकांची नावंसुद्धा आज कुणाला माहीत नाहीत.

आजच्या भटजींची वाट दक्षिणेला जाते, गणपतीला कोकणात. हा प्रवास फसायला गाडीत बसावं लागत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे प्रवास फसायला ६० दिवस आधी सुरुवात होते. सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना घरातली सगळी माणसं आपापल्या फोनवर बोट रोखून बसतात. शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण नातवाचं बोट चपळ म्हणून त्यालाही बसवलेलं असतं. आठ वाजतात, चक्र फिरायला लागतं, फिरत राहतं, आणि थांबतं तेव्हा वेटिंग लिस्टचा आकडा तीन अंकी झालेला असतो.

इथे घरातला आशावादी पुढे येतो. 'होतंय कन्फर्म. गणपतीला लोक रद्द करतात.' गणपतीला कोकणातला माणूस ऑपरेशन पुढे ढकलतो, पण तिकीट रद्द करत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो रोज सकाळी चहाबरोबर आकडा बघतो. दोनशे चाळीसचे दोनशे अठ्ठावीस झाले की घरभर सांगत सुटतो. मग चार्ट लागतो आणि आरएसी मिळतं. आरएसी म्हणजे साइड लोअरच्या एका बर्थवर दोन अनोळखी माणसांना रात्रभर समोरासमोर बसवणं. पत्रिका न पाहता रेल्वेने परस्पर जमवलेलं हे स्थळ असतं. एकाला खिडकी उघडी हवी असते, दुसऱ्याला सर्दी असते. पाय आधी कुणी पसरायचे यावरून रोह्यापर्यंत अबोला. खेडला एकाची चादर दुसऱ्याच्या गुडघ्यावर जाते. रत्नागिरीला समजतं, की याच्या आत्याचं सासर त्याच्या मामाच्या वाडीला लागून आहे. सावंतवाडीला उतरताना दोघं एकमेकांच्या घरी आरतीला यायचं ठरवतात, आणि बर्थ कन्फर्म मिळालेला वरचा गृहस्थ कुणाशीही ओळख न होता एकटाच खाली उतरतो.

रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. नव्वदहून जास्त बोगदे, खोल दऱ्या आणि पावसात केव्हा खाली येईल सांगता येत नाही असा डोंगर. म्हणून पावसाळ्यात गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात आणि त्यासाठी वेगळं पावसाळी वेळापत्रक निघतं. उशीर आधी छापून, मग त्या छापील उशिराला पुन्हा उशीर करण्याची ही किमया इतरत्र पाहायला मिळत नाही. शिवाय मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येऊन जाईपर्यंत आपली एखाद्या लहानशा स्टेशनात उभी. मुंबईत वाढलेला जावई अशा वेळी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहतो. गावचा म्हातारा शेजाऱ्याला विचारतो, 'गाडी कित्याक थांबली?' तो म्हणतो, 'क्रॉसिंग आसा.' बस. म्हाताऱ्याचं समाधान होतं आणि तो डोळे मिटतो. क्रॉसिंगच्या पुढे प्रश्न विचारायचे नसतात.

पण क्रॉसिंग नसताना गाडी थांबली, रानात थांबली आणि अर्धा तास हललीच नाही, की डब्यातला कारभार आपोआप वाटला जातो. कुणी कुणाला नेमत नाही.

पहिला असतो तो उतरणारा. हा हात पाठीमागे बांधून खडीवरून इंजिनापर्यंत चालत जातो, कमरेत वाकून चाकांकडे पाहतो, दूर सिग्नलकडे पाहतो आणि तितक्याच सावकाश परत येऊन जाहीर करतो, 'सिग्नल लाल आहे.' तो लाल आहे हे खिडकीतून सगळ्यांना दिसत असतं. पण आता ते अधिकृत झालेलं असतं.

दुसरा ओळखवाला. 'थांबा, आमचा मेहुणा रेल्वेत आहे.' तो फोन लावतो आणि अख्खा डबा श्वास रोखून एका बाजूचं संभाषण ऐकतो. मेहुणा भुसावळला हिशेब खात्यात असतो आणि झोपलेला असतो. 'बघतो' म्हणतो आणि कूस बदलतो. पण 'वरपर्यंत कळवलंय' ही बातमी तोवर शेजारच्या डब्यात गेलेली असते.

तिसरा म्हणजे 'हे काहीच नाही'वाले काका. यांना चालू संकटात रस नसतो. 'हे काहीच नाही. सव्वीस जुलै पाहिलाय आम्ही.' २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरं, आणि हजारो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली हेही खरं. काकाही चालले होते. पण २००६ साली सांगायचे तेव्हा ते दादरहून घाटकोपरपर्यंत चालले होते. काही पावसाळ्यांनी ते भांडुपला पोहोचले, मग ठाण्याला. आणखी थोडं आयुष्य लाभलं तर काका कल्याण ओलांडून कसाऱ्याच्या घाटाला लागतील.

चौथा व्हिडिओ करणारा. 'नमस्कार मित्रांनो, आपण बघू शकता...' असं म्हणून तो अंधार दाखवतो. रेंज नसल्यामुळे मित्रांना ते दोन दिवसांनी दिसतं.

आणि पाचवी आजी. ती काही विचारत नाही. गाडी का थांबली, केव्हा सुटणार, पुढे दरड आहे का, कशाशीही तिला कर्तव्य नसतं. ती डबा उघडते. 'घ्या हो, तुम्हीपण घ्या. संकोच कसला? गाडी काही इतक्यात हलत नाही.' इंजिनापर्यंत जाऊन आलेल्या माणसापेक्षा तिचा अंदाज बरोबर निघतो. दशमीचा पहिला घास पोटात गेला की रेल्वेवर टीका करणाऱ्यांचा आवाज खाली येतो, लसणाच्या चटणीनंतर एकदम देशाच्या राजकारणावर जातो, आणि चिवडा संपेपर्यंत गाडी सुटते.

खरं संकट येतं तेव्हा ही माणसं चेष्टा बाजूला ठेवून फार नीट वागतात, हेही सांगितलं पाहिजे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. पहाटेच्या अंधारापासून चहूकडे पाणी. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासचे गावकरी धावले, आणि हजाराहून जास्त प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्यांत गरोदर बाया होत्या, तान्ही मुलं होती. ते भय खरं होतं. मात्र कोल्हापूरकडच्या लग्नात आज जेवणाच्या पंगतीत बसलात, तर 'त्या गाडीत मी होतो' म्हणणारे इतके निघतात, की गाडीला शंभरेक डबे जोडलेले असावेत.

रेल्वे रुळावर तरी थांबते. एसटीला थांबायला अख्खा महाराष्ट्र मोकळा. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि तेव्हापासून 'गाडी फेल झाली' हा प्रसंग ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस दाखवणं अवघड. गाडी घाटाच्या ऐन मध्यावर फेल होते. आधी वास येतो, मग आवाज येतो, मग काहीच येत नाही. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडतो, की गाडीतला समस्त पुरुषवर्ग उतरून त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करतो. 'एअर धरला असणार.' 'क्लचप्लेट गेलेय हो, मी कराडपासून सांगतोय.' हे बोलणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले असतात आणि त्यांनी आयुष्यात सायकलची चेनही बसवलेली नसते. ड्रायव्हर त्यांच्याकडे न पाहता 'जरा बॅटरी धरा' म्हणतो आणि गृहस्थ कृतार्थ होतात.

कंडक्टर इंजिनाकडे ढुंकून पाहत नाही. अनुभवाने शहाणा झालेला तो माणूस रस्त्याकडे पाहत उभा असतो. 'मागच्या गाडीत बसवून देतो सगळ्यांना.' मागची गाडी येते ती आतूनच दार लागत नाही इतकी भरलेली. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून ज्याने जागा मिळवली होती त्याचं दुःख इथे सगळ्यांत मोठं. त्या जागेवर त्याचा हक्क होता, त्यासाठी त्याने दोघांशी भांडण केलं होतं, आणि आता तो उभ्याने रुमालाने घाम पुसतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. गाडी बंद पडते ती मात्र सगळ्यांसाठी पूर्ण.

स्वतःची गाडी घेतली की हे सारे त्रास टळतात, असं गाडी घेईपर्यंत वाटतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९४ किलोमीटरचा. जोडून सुट्टी आली, की याच मार्गावर बोरघाटात गाड्या इतक्या वेळ उभ्या राहतात, की पुढच्या गाडीतल्या मुलांची नावं, इयत्ता आणि सवयी आपल्याला पाठ होतात. मुंबई-गोवा महामार्गाची कथा वेगळी. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. तेव्हा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपून गेलेली मुलं आता लायसन काढून त्याच खड्ड्यांतून आईबापांना गावी नेतात.

मग कंटाळून कुणीतरी फोनवरचा नकाशा उघडतो आणि जवळचा रस्ता सापडतो. जवळचा रस्ता आधी डांबरी असतो, मग मातीचा होतो, मग गवताचा, आणि शेवटी काजूच्या बागेत जाऊन संपतो. तिथे एक म्हातारा बसलेला असतो. तो काही विचारायच्या आधीच म्हणतो, 'फोनवर बघून आलात काय? गाडी मागे घ्या, त्या फणसापाशी वळवा.' एवढं सरावाने सांगतो, की त्याला तिथे कुणी पगारावर बसवलाय की काय असं वाटावं. फणसापाशी आधीच्या गाड्यांनी वळवून वळवून चांगला प्रशस्त चौक तयार झालेला असतो.

विमानप्रवासात फसण्याची प्रतिष्ठा वाढते, रंगत मात्र कमी होते. नवी भर घातली ती गोव्याने. वास्कोजवळचं दाबोळी होतंच. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्यातल्या मोपाहूनही विमानं उडायला लागली. तिकिटावर दोन्ही ठिकाणी गोवाच. एकाची खूण जीओआय, दुसऱ्याची जीओएक्स. दोघांत साठेक किलोमीटर, एक मांडवी, एक झुवारी आणि बराचसा ट्रॅफिक. कोलव्याला उतरलेलं कुटुंब परतीच्या दिवशी आरामात जेवून, जवळ म्हणून दाबोळीला जातं. दारावरचा जवान तिकीट पाहतो, मग त्या माणसाकडे पाहतो, आणि फक्त एवढंच म्हणतो, 'मोपा.' त्या क्षणी बायकोच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला राग म्हणणं कमीपणाचं होईल. कॉलेजात असताना मित्रांबरोबर आलेला तो गृहस्थ 'गोव्यात विमानतळ एकच' या ज्ञानावर तीन दिवस सगळ्यांना फिरवत असतो. पुढच्या दीड तासात टॅक्सीत कुणीही काही बोलत नाही. टॅक्सीवाला मात्र खुशीत असतो, रोजचाच धंदा आहे.

विमानतळावर उशीर झाला की कुणालाही काम मिळत नाही, हा त्या जागेचा मोठा दोष. इंजिनापर्यंत चालत जाता येत नाही. बॉनेटभोवती उभं राहता येत नाही. 'परिचालन कारणांमुळे' एवढं सांगून बाई आवाज बंद करतात. प्रत्येक जण आपापल्या चार्जरजवळ भिंतीकडे तोंड करून बसतो. एकच मराठी गृहस्थ इकडून तिकडे फिरत असतो, कारण त्याने नियम वाचलेला असतो. विमानाला ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला, तर कंपनीने प्रवाशांना खाणंपिणं द्यावं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, आणि लहान पल्ल्याच्या विमानांना ही मर्यादा दोन तासांची आहे. दोन तासांना एक मिनिट झालं, की हे काउंटरवर हजर. वाद होतो, वरिष्ठ येतात, शेवटी एक थंड सँडविच आणि रसाचा डबा मिळतो. हजारो रुपयांचं तिकीट काढलेला तो माणूस तो डबा उंच धरून कुटुंबाकडे परततो. 'वसूल केलं!' घरच्यांनी तोवर पुऱ्या सोडलेल्या असतात. त्यांच्या वासाने आधी शेजारचं गुजराती कुटुंब थेपले काढतं, मग दोन्हीकडून लोणच्याची देवघेव सुरू होते, आणि त्या गेटपाशी निदान दहा मिनिटं तरी रेल्वेचा डबा अवतरतो.

एवढं पाहिल्यावर संकटात टिकून राहायचे चार उपाय सांगायला हरकत नाही. दोषी कोण ते पहिल्या अर्ध्या तासात ठरवून टाकावं, आणि शक्यतो तो बरोबरच्यांपैकी नसावा. सरकार, पाऊस, ठेकेदार, यातला कुणीही चालेल. दुसरं, 'मी म्हटलं होतं' हे वाक्य स्वच्छतागृह सापडेपर्यंत कुणीही उच्चारू नये; अनेक संसार या एका पथ्यावर टिकलेत. तिसरं, नातेवाइकांना एकानेच एकदा फोन करून 'येतोय' एवढंच सांगावं. अडकलात हे कळलं, की पुण्यातले भावजी घरच्या सोफ्यावरून नकाशा उघडून तुमच्या गाडीचा ताबा घेतात. 'तुम्ही असं करा, उलटे फिरून भोरवरून या,' असं ते सांगतात तेव्हा तुमच्या पुढे टँकर असतो आणि मागे दोन किलोमीटर गाड्या.

चौथा उपाय रुक्ष आहे, पण कामाचा. रक्तदाबाची आणि साखरेची औषधं डिकीतल्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. थोडी रोकड बाळगावी, कारण रेंज गेली की टपरीवरचा क्यूआर कोड ही नुसती भिंतीवरची रांगोळी उरते. रेल्वेत काही विचारायचं झालं तर १३९ वर फोन करावा. मेहुण्यापेक्षा तो लवकर उचलतात. आणि गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल व जायचंच नाही असं ठरलं, तर ती सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरला की पूर्ण पैसे परत मिळतात. हा नियम सगळ्यांना सांगावा. वापरत कुणी नाही, कारण इतका वेळ स्टेशनात काढल्यावर घरी परत जाणं माणसाच्या स्वाभिमानाला झेपत नाही.

पण या सगळ्याला तोंड देता येतं. तोंड देता येत नाही ते सुरळीत पार पडलेल्या प्रवासाला. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली, खोलीत गरम पाणी होतं, पाऊस हवा तेवढाच पडला आणि मंडळी ठरल्या दिवशी घरी आली. संध्याकाळी शेजारचे आप्पा चौकशीला येतात.

'कसा झाला प्रवास?'

'छान झाला.'

'गाडी?'

'वेळेवर.'

'हॉटेल?'

'स्वच्छ होतं हो.'

'मग जेवण तरी?'

'तेही बरं होतं.'

आप्पा चहा अर्धा ठेवून उठतात. त्यांचा दोष नाही, या माणसांकडे सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींकडे गर्दी असते. त्यांची बस आंबोली घाटात रात्रभर अडकलेली असते. त्यांच्याकडे बी विंगमधूनही माणसं येतात, खुर्च्या कमी पडतात, आणि त्यांचा एरवी गप्प बसणारा मुलगा उभा राहून दरड कशी आली ते हातवारे करून दाखवतो.

सुखरूप आलेल्या घराला हे किती दिवस पाहवणार? एक दिवस नवरा आठवू लागतो, की जाताना रत्नागिरीला गाडी जराशी थांबली होती. दहा मिनिटं असतील. दिवाळीच्या फराळाला ती तासभर थांबते. लग्नसराईत चार तास थांबते आणि पुढे दरड असते. पुढच्या श्रावणात मंगळागौरीला जमलेल्या पाहुण्यांपुढे त्या गाडीखालून नदी वाहायला लागते. हे पहिल्यांदा ऐकते तेव्हा बायको नवऱ्याकडे रोखून पाहते. दुसऱ्यांदा ऐकते तेव्हा ताटं वाढता वाढता सांगते, 'अहो, पायरीपर्यंत पाणी आलं होतं, तेही सांगा ना.'